दारातल्या कुत्र्याची निगा



आम्ही पशुसखी. शेळीला जंताचं औषध कधी पाजायचं, पीपीआरची लस कधी टोचायची, करडाची नाळ कशी कापायची, हे सांगत आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर फिरतो. आमचं काम शेळ्या-कोंबड्यांचं. पण निघताना चपला घालायच्या वेळी ओट्यावरची बाई हळूच विचारते, "ताई, याच्याकडे बी जरा पाहून घ्या ना." हा 'याच्या' म्हणजे दारात पसरलेला कुत्रा. शेळीचे पैसे येतात, कुत्र्याचे येत नाहीत, म्हणून त्याच्याबद्दल विचारायची जरा लाजच वाटते बायांना. आज लाज बाजूला ठेवून त्याच्याबद्दलच बोलू.

कुत्रा आणतो मुलगा, मिरवतो घरधनी. भाकर टाकणं, पाणी ठेवणं, अंगणातली घाण उचलणं हे मात्र बाईच्या वाट्याला येतं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपामागे चालणारं कुत्रं असो, रावेरच्या केळीच्या बागेत सालदाराच्या सोबतीला राहणारं असो की धुळ्याच्या देवपुरातल्या फ्लॅटमधलं लॅब्राडोर, यात फारसा फरक नाही. दिवसातून दोनदा त्याच्याजवळ जाणारी तुम्हीच असता, तेव्हा आजार पहिल्यांदा दिसणार तोही तुम्हालाच. डॉक्टरांकडे कुत्रा पोचतो तो बहुतेक वेळा जमिनीला टेकल्यावर. तीन दिवस आधी पोचला असता तर काम सोपं होतं, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता तेच आधी सांगतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही. सुई आणि औषध पशुवैद्यकीय डॉक्टरांचंच काम. आम्ही सांगणार आहोत ते हाताचं आणि नजरेचं.

संध्याकाळी ऊन उतरलं की भाकर टाकण्याआधी पाच-दहा मिनिटं कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवा. केसांच्या उलट दिशेने फिरवा, म्हणजे कातडी दिसते. कानाच्या आत बघा, पट्ट्याखाली बघा, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघा. ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. रोज हात लागणाऱ्या कुत्र्याला सवय होते आणि पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला तरी ते बिथरत नाही. पिल्लू असल्यापासून ही सवय लावलीत तर उत्तमच.

आता गोचिडांबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे कुत्र्यांचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, आणि याच्यावर सगळ्यात जास्त चुकीचे इलाजही होतात. कुत्र्याचा गोचीड तपकिरी असतो. रक्त पिऊन फुगलेली मादी राखाडी होते, एरंडाच्या बीसारखी दिसते. ती गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, ओट्याच्या दगडांच्या सांध्यात, धाब्याच्या घरात लाकडाच्या कडीपाटात जाऊन हजारांवर अंडी घालते. त्यामुळे कुत्रा स्वच्छ केला आणि जागा तशीच ठेवली, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कुत्रा बसतो ती जागा, त्याचं गोणपाट, भिंतीचा खालचा हातभर भाग, फटी, हे सगळं झाडून घ्या. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाका. आपल्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग करून घेऊ. फटी बुजवता आल्या तर फारच छान.

अंगावर एखादा-दुसरा गोचीड दिसला तर चिमट्याने, अगदी कातडीलगत धरून, सरळ वर ओढा. पिळू नका, काडीने जाळू नका, बोटात चिरडू नका. साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाका आणि हात धुवा. जास्त असतील तर डॉक्टरांकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे औषध घ्या. मानेवर टाकायचे थेंब मिळतात, खायच्या गोळ्या मिळतात, पट्टेही मिळतात. स्वस्त नसतात, हे खरं. पण आता आम्ही सांगतो ते ऐका.

एका वस्तीवर कपाशीवर फवारायचं औषध बादलीत कालवून त्यात कुत्र्याला बुचकळलं होतं. गोचीड मेले. कुत्रा अंग चाटत बसला. रात्री तोंडातून लाळ, अंगाला थरथर, आणि सकाळपर्यंत खेळ आटोपला. घरातलं लहान मूलही त्या ओल्या कुत्र्याशेजारी खेळत होतं, त्याला काही झालं नाही एवढंच नशीब. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, माणसं दगावली, हे तुम्हाला आठवत असेल. अंगावर उडालेल्या तुषारांनी धडधाकट माणूस जातो, मग पंधरा किलोच्या जिवाला त्या पाण्यात बुडवल्यावर काय होणार? गोठ्यात गुरांसाठी मारायचं औषधसुद्धा आपल्या अंदाजाने कुत्र्याला लावू नका, त्याचं प्रमाण वेगळं असतं. रॉकेल नको, जळकं ऑइल नको, फिनाईल नको. लूत भरलेल्या कुत्र्याला ऑइल चोपडलेलं आम्ही अजून बघतो. लूत बरी होते, पण ती डॉक्टरांच्या औषधाने. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचे गोचिडाचे थेंब मांजराला कधीच लावू नका, त्यातल्या काही औषधांनी मांजर मरतं.

गोचिडांची एवढी धास्ती का, तर त्यांच्यामुळे ताप येतो. गोचीड-ताप म्हणतात त्याला. कुत्रा खाणं सोडतो, सुस्त पडतो, हिरड्या पांढुरक्या होतात. कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद चहासारखी होते. बाई म्हणते, ऊन लागलं असेल. उन्हाळ्यात तसं वाटणं साहजिक आहे. पण एक दिवस खाल्लं नाही आणि दुसऱ्या दिवशीही भाकरीकडे तोंड वळवलं नाही, तर तिसरा दिवस बघू नका. हिरडी पांढरी दिसली किंवा लघवी गडद झाली तर पहिल्याच दिवशी न्या. रक्ताची तपासणी करून डॉक्टर औषध ठरवतात. एका प्रकारच्या तापाला तीन-चार आठवडे गोळ्या द्याव्या लागतात आणि वेळेत सुरू झाल्या तर कुत्रा उठून बसतो. मध्येच बरा दिसला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. कुत्र्याचा ताप हात लावून कळत नाही, कारण त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. आणि घरातली माणसांची तापाची, अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. आपल्याला उतारा देणारी गोळी त्याच्या पोटाला, यकृताला किंवा मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

पावसाळा संपताना गवत वाळतं तेव्हा कुसळांकडे लक्ष ठेवा. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि पुढेच सरकत जातं. कुत्रा एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पाय चाटत बसला असेल तर तिथे बघा. कानात तेल ओतू नका. कान बाहेरून कापसाने पुसायचा, आत काडी घालायची नाही. वास येत असेल, पू दिसत असेल तर दवाखाना.

आंघोळीबद्दल फार विचारतात, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. महिन्यातून एकदा पुरते. धुळ्यात नळ किती दिवसांनी येतो हे धुळेकरणींना आम्ही काय सांगावं! पाणी नसेल तर रोज कंगवा फिरवा, ओल्या फडक्याने पुसा, कुत्रा स्वच्छ राहतो. कपड्याचा साबण वापरू नका, कातडी कोरडी पडून खाज सुटते. कुत्र्यासाठीचा शाम्पू घ्या आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवा.

नखांचं मात्र घराप्रमाणे वेगळं आहे. शेतात हिंडणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. फरशीवर राहणाऱ्याची वाढतात, चालताना टकटक आवाज येतो. तेव्हा टोकं कापायची, थोडी थोडी. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबायचं. काळ्या नखात शीर दिसत नाही, तिथे पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. रक्त आलंच तर पीठ दाबून धरा. पण शेतातल्या कुत्र्याचंही एक नख बघायचं राहतं, पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं, अंगठ्यासारखं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही. गोल वाढत वाढत मांसात घुसतं. कुत्रा लंगडतो आणि सगळे तळपायातला काटा शोधत बसतात.

होळी झाली, आता पुढचे तीन महिने कसे जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तळपायाला येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. पत्र्याखाली बांधलेला कुत्रा म्हणजे तव्यावर ठेवलेला जीव. दुपारी त्याला निंबाखाली बांधा, आणि सावली सरकते हे लक्षात ठेवून दोर तेवढा लांब ठेवा. पाण्याला पातेलं नको, ते तापतं आणि लवंडतं. मातीची जड कुंडी ठेवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी बदला. डांबरी रस्त्यावर फिरवायचं असेल तर आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. पाच-सात आकडे मोजेपर्यंत तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. उकडतं म्हणून पामेरियनचे केस पार कातडीपर्यंत भादरून टाकतात, तेही करू नका. ते केस उन्हापासूनही राखतात. कंगव्याने आतले गळके केस काढा, तेवढं पुरे.

ऊन लागलेला कुत्रा जोरजोरात धापतो, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात. लगेच सावलीत आणा, पोटावर, जांघेत, पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला. बर्फ नको. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, बळेच ओतू नका. आणि तसंच दवाखान्यात न्या, बरा वाटला तरी न्या.

खाण्याबद्दल आम्हाला एकच भांडण भांडायचं आहे, ते भरिताशी. आपलं भरीत म्हणजे कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची. उरलं की भाकरीत कालवून कुत्र्यापुढे. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका घासाने काही दिसत नाही, पण पुन्हा पुन्हा पोटात गेला की अंगात रक्त राहत नाही. शेवभाजीचा रस्सा, फोडणीचं वरण, यांचंही तेच. त्याची भाकर वेगळी काढा, त्यावर ताक घाला किंवा बिनफोडणीचं वरण घाला, अधूनमधून उकडलेलं अंडं द्या. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. कोंबडीची शिजलेली हाडं सुईसारखी फुटतात, तीही नकोत.

एक गोष्ट आमच्या शेळ्यांच्या कामातली आहे, ती फार कमी बायांना माहीत असते. बोकड कापला की फुप्फुस, काळीज, त्यात पाण्याचे फोड दिसले तर ते फेकतात आणि कुत्रा खातो. त्या फोडांत एका जंताची पिल्लावळ असते. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढते, तिची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, तिथून हाताला आणि तोंडात. मग माणसाच्या यकृतात तसेच फोड होतात आणि ऑपरेशनची पाळी येते. कच्चं अवयवांचं मांस कुत्र्याला टाकू नका. ते खोल पुरा किंवा जाळा.

जंतांच्या औषधाचं वेळापत्रक लक्षात राहत नाही, अशी सगळ्यांची तक्रार. आम्ही सणांवर बसवून दिलंय. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी औषध लागतं. म्हणून आखाजी, कानबाई, दिवाळी आणि संक्रांत. तारखा थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतं. पिल्लाला जास्त वेळा लागतं, दोन आठवड्यांचं झाल्यापासून, ते डॉक्टर सांगतील. शेळीचं औषध उरलंय ते देऊ का, असं विचारतात. नाही. वजन वेगळं, जंत वेगळे. आणि अंगणातली विष्ठा रोज उचला, कारण मुलं तिथेच मातीत खेळतात.

आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडं येतात, झोके बांधतात, घर भरतं. त्याच्या आधी कुत्र्याची रेबीजची लस झालेली असू द्या. पहिली लस तीन महिन्यांच्या पिल्लाला, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक, आणि मग दरवर्षी. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला त्याआधीच पार्व्हो-डिस्टेंपरची लस सुरू करायची असते. त्या रोगांनी पिल्लं रक्ताची हगवण लागून, झटके येऊन जातात. लसीचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

रेबीज एकदा उठला की उतारा नाही, माणसाला नाही आणि कुत्र्यालाही नाही. जगात रेबीजने जी माणसं जातात त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशात जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत पंधरा वर्षांखालची मुलं फार. मूल घरी सांगत नाही, रागावतील म्हणून. ओरखडा लहान असतो, आपण बघत नाही. तिकडे गोव्यात गावोगाव, घरोघर जाऊन कुत्र्यांना लस टोचली. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा मागच्या तीन वर्षांत तिथे एकही माणूस रेबीजने दगावला नव्हता. तिथली कुत्रीही आपल्यासारखीच गावठी आहेत.

कुत्रा चावला, ओरखडलं, किंवा उघड्या जखमेवर त्याने चाटलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस वीस वर्षांमागेच संपले. आता दंडात देतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेतही एक वेगळं औषध टोचावं लागतं, ते मागून घ्या. चावणारा कुत्रा घरचा असेल, लस झालेला असेल, तरी दाखवा. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्या दहा दिवसांची वाट बघत सुया लांबवू नका.

तुमच्या कुत्र्याचा आवाज बदलला, जबडा लोंबायला लागला, लाळ गळते आहे, तर घशात हाड अडकलं असं समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं अंगावर धावत नाही. काही अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प बसून राहतात. दार लावून घ्या, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तुमच्या कुत्र्यालाच दुसरं कुत्रं चावलं असेल तर त्याचीही जखम धुवा, हातात पिशवी घालून, आणि त्यालाही डॉक्टरांना दाखवा. त्यालाही सुया लागतात.

शेवटी कुत्रीबद्दल. हा प्रश्न बाया पुरुष माणसं उठून गेल्यावर विचारतात. ती साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, रक्त जातं, दारात पंधरा कुत्री जमतात. दोन महिन्यांनी पाच-सहा पिल्लं, मग ती गोणीत घालून कुठेतरी सोडायची, आणि ते कामही बाईलाच सांगतात. सहा महिन्यांच्या पुढे डॉक्टरांना विचारून तिचं ऑपरेशन करून घ्या. एकदा तरी वेत होऊ द्यावं म्हणजे तिची तब्येत चांगली राहते, असं म्हणतात, त्याला काही आधार नाही. उलट ऑपरेशन न झालेल्या वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात माजानंतर महिना-दोन महिन्यांनी पू होतो. ती खूप पाणी पिते, खात नाही, पोट फुगतं, कधी खालून घाण जाते. यात दिवस घालवला तर कुत्री जाते. स्तनांच्या गाठीही लवकर ऑपरेशन झालेल्या कुत्रीत फार कमी दिसतात. म्हणून रोजचा हात पोटावरूनही फिरवा, वाटाण्याएवढी गाठ लागली तरी दाखवा. कुत्रीला कसली गाठ, असं कोणी हसलं तर हसू द्या.

दवाखान्यात नेताना सकाळी लवकर निघा. गावात श्रेणीचा दवाखाना असतो, तिथे झालं नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. कुत्रा घाबरून चावू शकतो, म्हणून जुन्या ओढणीची पट्टी तोंडावरून गुंडाळून कानांमागे बांधा. मात्र धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर तोंड बांधायचं नाही. लसीचं कार्ड घ्या. आणि घरधनी घेऊन जाणार असेल तर त्याला एका कागदावर लिहून द्या: खाणं कोणत्या दिवशी सोडलं, लघवीचा रंग कसा होता, गोचीड किती निघाले, काय औषध लावलं. डॉक्टर हेच विचारतात, आणि तो तिथून तुम्हालाच फोन लावत बसतो.

पुढच्या वेळी पावसाळ्याआधी शेळ्यांच्या लसींबद्दल बोलू.